चालणं आमचं, पैसे संस्थेचे: चौघांच्या संघाने पदयात्रेतून निधी कसा उभा करायचा

कोल्हापूरकरांना चालण्याचं कौतुक सांगायला नको. रविवारी पहाटे जोतिबाला अनवाणी जाणारे आहेत, आषाढी एकादशीला नंदवाळच्या दिंडीबरोबर पुईखडीपर्यंत रिंगण बघायला जाणारे आहेत, आणि जुलैच्या पावसात पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे निघणारे तर दरवर्षीच असतात. पण या चालण्यात पैसे मागणं कुठेच नसतं. नवसाचं चालणं म्हणजे उलट पदरमोड. त्यामुळे "आम्ही पन्नास किलोमीटर चालणार आहोत, संस्थेसाठी देणगी द्या" असं म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "चालणार तुम्ही, मग पैसे मी कशाला द्यायचे?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर संघातल्या चौघांच्याही तोंडात एकसारखं असायला हवं. चालण्याचा सगळा खर्च आमच्या खिशातला. तुम्ही दिलेला रुपया थेट संस्थेच्या खात्यात. आम्ही स्वतःला त्रास करून घेतोय तो एवढ्यासाठी, की तुम्ही या कामाकडे पाच मिनिटं लक्ष द्यावं. निधी गोळा करण्याची पुढची प्रत्येक पायरी या उत्तरावर उभी आहे. ते जिथे खोटं ठरेल तिथे निधीही थांबेल.

ही पद्धत जगात कशी रुळली ते थोडक्यात सांगतो. हाँगकाँगमध्ये १९८१ साली गुरखा सैनिकांनी सरावाचा भाग म्हणून १०० किलोमीटरची डोंगरवाट चालायचा उपक्रम सुरू केला. १९८६ पासून ऑक्सफॅम या मदतसंस्थेबरोबर तो सर्वसामान्यांसाठी खुला झाला आणि 'ट्रेलवॉकर' नावाने पुढे अनेक देशांत गेला. चौघांचा संघ, ४८ तासांची मुदत, आणि निघण्याआधी ठरावीक निधी जमवायचा, हा त्याचा साचा. भारतातही असे संघ चालले आहेत. मुंबई मॅरेथॉनमध्ये धावणारेही संस्थांसाठी अशीच देणगी जमवतात. तुम्ही एखाद्या आयोजित उपक्रमात नाव नोंदवा किंवा कोल्हापुरातच आपली वाट आखा, पैसे जमवायची रीत तीच राहते. या लेखात दुसरा मार्ग धरला आहे, कारण नवख्या संघाला घराजवळचं चालणं सोपं पडतं आणि देणगीदारही घराजवळच असतात.

आधी संस्था, मग वाट

बहुतेक संघ आधी टी-शर्टचा रंग ठरवतात आणि शेवटी संस्था शोधतात. हे उलटं करा. पैसे कशाला हवेत हे ठरल्याशिवाय एकाही माणसाला फोन करू नका.

आपल्या भागात कामांची वाण नाही. सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयात कोकणातून आणि सीमाभागातून येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांच्या जेवणाचा प्रश्न असतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर शिरोळ, करवीर तालुक्यांतल्या शाळांनी काय सोसलं ते आपण पाहिलं आहे. मी या लेखात उदाहरण म्हणून ऊसतोड मजुरांच्या मुलांचं शिक्षण घेतो. गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडच्या टोळ्या येतात, फडाजवळ खोपी पडतात, आणि आई-बाप पहाटे कोयता घेऊन गेले की मुलं खोपीवर राहतात. अशा मुलांना शिकवणाऱ्या संस्थेला पैसे हंगाम सुरू होताना लागतात, संपल्यावर नाही. म्हणजे तुमची तारीख संस्थेच्या गरजेवरून ठरते.

संस्थेकडे जाऊन, फोनवर नाही, पुढच्या गोष्टी बघा. धर्मादाय कार्यालयाकडचं नोंदणी प्रमाणपत्र. मागच्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल. देणगीवर आयकरात सवलत मिळते का, म्हणजे ज्याला सगळे '८०जी' म्हणतात ते प्रमाणपत्र, आणि त्याची मुदत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत, पण देणारा विचारतो तो शब्द ८०जी हाच. शेवटी संस्थेच्या नावाचं बँक खातं आणि त्याचाच क्यूआर कोड. यातलं काही दाखवायला संस्था टाळाटाळ करत असेल तर काम कितीही चांगलं वाटलं तरी दुसरी संस्था शोधा. उद्या लोक प्रश्न तुम्हाला विचारणार आहेत, संस्थेला नाही.

आणि संस्थेकडून एक साधं पत्र घ्या: अमुक चौघे आमच्यासाठी निधी जमवत आहेत, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत. त्याचा फोटो प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये राहू दे.

इथे कायद्याची एक बाब आहे. नोंदणीकृत संस्थेसाठी, तिच्या पावतीवर, तिच्या खात्यात पैसे जमा होत असतील तर तुमचं काम सरळ आहे. पण चार मित्र किंवा नोंदणी नसलेलं मंडळ स्वतःच्या नावाने लोकांकडून वर्गणी गोळा करणार असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाकडे जावं लागतं. गणेश मंडळं दरवर्षी घेतात तीच ही परवानगी. नवख्या संघाने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. स्वतःच्या खात्यात एक रुपयाही घेऊ नका, "नंतर एकदम ट्रान्सफर करतो" असं म्हणून तर मुळीच नको.

संघात कोण असावं

चौघेही चांगले चालणारे असले पाहिजेत असं नाही. चौघांची माणसं वेगवेगळी असली पाहिजेत. एकाच तालमीतले, एकाच गल्लीतले, एकाच कट्ट्यावरचे चार मित्र निघाले की चौघांच्या मोबाइलमध्ये तीच दीडशे नावं असतात. त्या दीडशे जणांना चार वेळा मागितलं की ते चौघांनाही टाळायला लागतात. त्यापेक्षा एक जण शिरोलीच्या फाउंड्रीतला, एक शाळेतली बाई, एक गांधीनगरात कापडाच्या दुकानात हिशेब बघणारा आणि एक दवाखान्यातली सिस्टर असा संघ कागदावर विचित्र दिसला तरी पैसे तोच जमवतो. शिवाय चालताना बोलायलाही विषय राहतात.

कामं पहिल्याच बैठकीत वाटून घ्या. एकाने हिशेब, एकाने यादी आणि आठवणीचे फोन, एकाने संस्थेशी बोलणं, फोटो आणि माहिती, एकाने वाट, सराव आणि गाडी. मागायचं मात्र चौघांनीही. "मला मागायला जमत नाही, मी बाकीचं बघतो" असं एकाने म्हटलं की महिनाभराने ते चौघांनाही जमेनासं होतं.

वाट

वाट अशी हवी की ऐकणाऱ्याला लगेच कळावं, हे सोपं नाही. रंकाळ्याला फेऱ्या मारणं सुरक्षित आहे, पण त्यासाठी कुणी खिशात हात घालणार नाही. रोज सकाळी निम्मं गाव तेच करतं. कोल्हापूरहून जोतिबा, तिथून पन्हाळा आणि परत कोल्हापूर असा फेरा धरला तर अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास जातं. नुसतं ऐकूनच लोक "एका दिवसात?" असं विचारतात. तो प्रश्न आला की समजा वाट बरोबर निवडली.

पन्हाळा ते पावनखिंड ही दुसरी वाट. १६६० च्या जुलैमध्ये महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले आणि बाजीप्रभूंनी खिंड अडवून धरली, ही कथा इथे पोराटोरांनाही पाठ असते. त्यामुळे काय करतोय ते समजावत बसावं लागत नाही. पण ही चाल दोन दिवसांची, मसाई पठारावरचं धुकं, खाचरांचे निसरडे बांध आणि गुडघाभर चिखल असलेली. कधीच न चाललेल्या संघाने पहिल्या वर्षी ती धरू नये. गेलातच तर दरवर्षी मोहीम नेणाऱ्या एखाद्या अनुभवी मंडळाबरोबर जा.

जोतिबाच्या फेऱ्यात खरी अडचण आहे ती महामार्गाची. शिवाजी पूल ओलांडल्यापासून केर्लीपर्यंत आणि परतताना वाघबीळपासून खाली रत्नागिरी रस्त्यावरची वाहनं अंगावर येतात. पहाटे चारला निघणार असाल तर पाठीवर चमकणारी पट्टी आणि हातात विजेरी हवीच. रस्त्याच्या उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसेल असं, एकामागे एक चाला. मागे एक दुचाकी आणि शक्य असेल तर एक चारचाकी ठेवा. गावातल्या डॉक्टरांना आधी कल्पना द्या. सरावाबद्दल इथे जास्त लिहीत नाही: दोन-अडीच महिने हातात ठेवा, दर रविवारी अंतर वाढवत न्या, आणि ज्या बुटांनी सराव केला त्याच बुटांनी चाला. ओला मोजा लगेच बदला. टाचेला फोड येतो तो ओल्या मोज्यात, आणि फोड आला की उरलेले वीस किलोमीटर संघातले तिघे चौथ्यासाठी थांबत चालतात.

हा सगळा खर्च, म्हणजे बूट, पाणी, केळी, गाडीचं पेट्रोल, टी-शर्ट, आधीच जोडा आणि चौघांत वाटून घ्या. टी-शर्ट कुणी प्रायोजकाने दिले तर तेही संस्थेच्या देणगीपासून वेगळं लिहा.

आकडा

"जमतील तेवढे" हा आकडा नव्हे. संस्थेला विचारा: एका मुलाला हंगामभर शिकवायला काय लागतं? दप्तर, वह्या, शिक्षिकेचं मानधन, खोपीपासून वर्गापर्यंतची गाडी, दुपारचं जेवण. संस्थेने कागदावर लिहून दिलेला हा एका मुलाचा आकडाच तुमचं मागण्याचं माप. "देणगी द्या" म्हटलं की माणूस विचार करायला लागतो. "एका पोराच्या वह्या-दप्तराचे पाचशे तुम्ही घ्याल का?" म्हटलं की तो हो किंवा नाही म्हणतो.

समजा एकूण एक लाख ठरले. चौघांत प्रत्येकी पंचवीस हजार. ऐकायला जड वाटतं, मांडून बघितलं की जड राहत नाही. स्वतःचे दोन हजार. घरातले आणि जवळचे पाच जण, प्रत्येकी हजार, म्हणजे पाच हजार. सोळा मित्र पाचशेप्रमाणे, आठ हजार. शेजारी आणि कामावरचे दहा जण तीनशेप्रमाणे, तीन हजार. दोन दुकानदार किंवा कारखानदार अडीच हजारप्रमाणे, पाच हजार. आणि शंभर-शंभर देणारे वीस जण, दोन हजार. झाले पंचवीस. यात तुमच्याशिवाय त्रेपन्न माणसं आहेत. निम्मे नाही म्हणतील असं धरून यादी शंभरावर न्या. लग्नाच्या पत्रिका वाटायला शंभर नावं आपण एका संध्याकाळी काढतोच.

स्वतःचे पैसे पहिले टाका, आणि ते पावती फाडून. "तू किती दिलेस?" हा प्रश्न इथे तोंडावर विचारला जातो आणि विचारायलाच हवा.

कधी मागायचं

गणपतीच्या वर्गणीचे दिवस टाळा. दारावर तीन मंडळं येऊन गेल्यावर चौथा पावती पुस्तक घेऊन आला की मुद्दा कितीही चांगला असो, ऐकलं जात नाही. नोकरदारांना महिन्याच्या पहिल्या आठवड्यात विचारा. गावाकडे पैशाचं वेळापत्रक वेगळं आहे: दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं, दिवाळीच्या तोंडावर दुधाचा फरक जमा होतो, उसाचं बिल हंगाम सुरू झाल्यावर. आपल्या उदाहरणात चाल नोव्हेंबरमध्ये धरली तर मागणं गणपतीनंतर सुरू होऊन दिवाळीपर्यंत मोठा भाग आत आलेला असेल. कर वाचवणारे देणगीदार मार्चमध्ये जागे होतात. त्यांच्यासाठी संस्थेचं खातं तेव्हाही उघडंच असतं, त्यांना तसं सांगून ठेवा.

कसं मागायचं

इथे मी जरा थांबतो, कारण संघ अडतात ते इथेच.

ग्रुपवर संदेश टाकला म्हणजे मागितलं असं होत नाही. शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर क्यूआर कोड टाकला की वीस अंगठे आणि पाच हात जोडलेले येतात, पैसे एखाद्याचेच. दोष लोकांचा नाही. सगळ्यांना विचारलं म्हणजे कुणालाच विचारलं नाही, असं प्रत्येकाला वाटतं. नाव घेऊन, एकेकाला विचारा. आधी सगळ्यात जवळची आणि देणारी पाच-सहा माणसं. यादीत वरची पाच नावं हजाराची असतील तर सहावा पाचशेला हात घालतो. वरची पाच शंभराची असतील तर सहावाही शंभरच देतो.

संदेश असा असू दे:

"तात्या, नमस्कार. येत्या नोव्हेंबरात आम्ही चौघं कोल्हापूर–जोतिबा–पन्हाळा–कोल्हापूर असं एका दिवसात चालणार आहोत. ऊसतोडीला आलेल्यांची पोरं हंगामात शाळेपासून तुटतात, त्यांना खोपीवर जाऊन शिकवणारी संस्था आहे, तिच्यासाठी. चालण्याचा खर्च आमचा आम्ही करतोय. तुम्ही एका पोराच्या वह्या-दप्तराचे ५०० घ्याल का? पैसे थेट संस्थेच्या खात्यात जातात, पावती संस्थेची मिळते. संध्याकाळी फोन करतो."

आणि संध्याकाळी खरंच फोन करा. या संदेशात कुठे रडगाणं नाही, "आपल्या अमूल्य सहकार्याची अपेक्षा" नाही. कोण, काय, कशासाठी, किती, पैसे कुठे जातात, पुढे काय, एवढंच आहे. तुमच्या बोलण्याप्रमाणे शब्द बदला. वहिनीला लिहिताना वेगळे, सरांना लिहिताना वेगळे.

दुकानात जाताना बोहनी व्हायच्या आधी जाऊ नका आणि गिऱ्हाईक उभं असताना तोंड उघडू नका. लक्ष्मीपुरीतल्या धान्याच्या दुकानात दुपारच्या निवांत वेळी जे बोलणं होतं, ते साधारण असं असतं:

"काय मर्दा, चालायला पैसे?"

"चालायला नाही मामा, शिकवायला. चालायचं आमचं आम्ही बघतोय."

"कुठली संस्था? कोण आहेत त्यात?"

"हे पत्र बघा. गेल्या वर्षीचा जमाखर्चपण आहे माझ्याकडं."

"आणि तू किती घातलेस?"

"दोन हजार. ही माझी पावती."

"बरं. माझं नाव घाल पाचशेला. पण मला त्या पोरांचा फोटो-बिटो काय नको, हंगाम संपला की काय झालं ते येऊन सांग."

ही शेवटची अट वहीत लिहून ठेवा. पाचशे रुपयांपेक्षा तिची किंमत जास्त आहे. माणूस कामात गुंतला आहे याची ती खूण. "बघतो", "नंतर ये" याला नकार समजू नका, दिवस विचारा: "शनिवारी येऊ?" दोनदा आठवण करा, तिसऱ्यांदा नको. आणि सरळ "नाही" म्हणणाऱ्याशी वाद घालू नका, तोंडही पाडू नका. त्याच्या घरी आजारपण असेल, कर्ज असेल, तो दुसरीकडे देत असेल. त्याला चालायला बोलवा; सरावाला एखादा रविवार बरोबर आला तरी तो तुमचा माणूस झाला.

मुलांचे फोटो वापरायचेच असतील तर आई-बापांना आणि संस्थेला विचारून, आणि मुलं हसत-शिकत असतानाचे. खोपीसमोर उघडं, नाक वाहणारं पोर दाखवून पैसे मिळतात हे खरं आहे. तरीही तसं करू नका. त्याचे आई-बाप आपल्या ताटातल्या साखरेसाठी राबायला आलेले आहेत.

कारखानदार, भिशी, तालीम

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या लहान कारखान्यात 'सीएसआर' हा शब्द काढू नका. नफ्यातला काही वाटा समाजकामाला द्यायचं कंपनी कायद्यातलं ते बंधन मोठ्या कंपन्यांना आहे: निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं किमान एक ज्यांना लागू होतं त्यांना. तो पैसा घ्यायला संस्थेचीही त्यासाठी वेगळी नोंदणी लागते आणि निर्णय महिनोन्महिने चालतो. लहान कारखान्यात मालकालाच भेटा आणि वेगळंच मागा: "तुमच्या कामगारांनी मिळून जेवढे दिले, तेवढेच तुम्ही घालाल?" मालकाला हे पटतं, आणि कामगारांच्या पन्नास-पन्नास रुपयांना वजन येतं. चांगली फाउंड्री असेल तर ही एक जोडी अख्ख्या संघाचा आकडा हलवते.

बायकांच्या भिशीत किंवा बचत गटाच्या बैठकीत आधी प्रमुख ताईंना विचारून पाच मिनिटं मागा. तिथे पैसे लगेच निघतात आणि प्रश्नही नेमके येतात. उत्तरं तयार ठेवून जा. तालमीत वस्तादांना आधी भेटा. मंडळाच्या नावावर देणगी मिळाली तर यादीत मंडळाचंच नाव लिहा, ज्या कार्यकर्त्याने आणून दिली त्याचं नव्हे.

रविवारी मिसळीचा नाश्ता ठेवून कुपनं विकणं हा आपल्याकडे हमखास चालणारा उपाय. कट आणि पाव कुणीतरी फुकट किंवा मूळ किमतीत देणार असेल तरच करा, नाहीतर दोन दिवस राबून हाती फारसं उरत नाही. कुपनांचा जमाखर्च वेगळा ठेवा: एवढी विकली, एवढा खर्च, एवढे संस्थेला. लकी ड्रॉ मात्र नको. तिकिटं विकून सोडत काढणं परवानगीशिवाय केलं तर ती लॉटरी ठरते आणि गुन्हा होऊ शकतो.

चौकात डिजिटल फलक लावायचा मोह होईल. त्याला महापालिकेची परवानगी लागते, पैसे जातात, आणि नेत्याचा फोटो टाकला की निम्मे देणगीदार दुरावतात. फलकाचे पैसे संस्थेला द्या.

पैसा आत कसा येतो

क्यूआर कोड संस्थेचाच. स्कॅन केल्यावर मोबाइलवर संस्थेचं नाव दिसतंय हे देणाऱ्याला दाखवून मग पैसे घाला म्हणा. पैसे आल्यावर त्याच्याकडून स्क्रीनशॉट, पूर्ण नाव, पत्ता आणि सवलत हवी असेल तर पॅन घ्या. आर्थिक वर्ष संपल्यावर संस्था देणगीदारांची यादी आयकर खात्याकडे भरते आणि त्यावरून प्रत्येकाचं प्रमाणपत्र निघतं. पॅन चुकला तर ते निघत नाही. दोन गोष्टी देणाऱ्याला आधीच सांगा. रोख २,००० च्या वरच्या देणगीला सवलत नाही. आणि ज्याने नवी करप्रणाली घेतली आहे त्याला ही सवलत मुळातच मिळत नाही. हे नंतर कळलं तर राग तुमच्यावर निघतो.

रोख येणारच, विशेषतः वयस्क माणसांकडून आणि गावाकडून. पैसे हातात घेतानाच संस्थेची छापील, क्रमांक असलेली पावती फाडा. दोन दिवसांत रक्कम संस्थेच्या खात्यात भरा आणि भरणा पावतीच्या मागे पावतीचे क्रमांक लिहा. हिशेबाच्या वहीत सात रकाने पुरेत: तारीख, नाव, रक्कम, रोख की ऑनलाइन, पावती क्रमांक, कुणाच्या ओळखीने, आभार मानले का. शब्द दिलाय पण पैसे आलेले नाहीत अशांसाठी वही उलटी करून मागच्या पानापासून लिहा. ही दोन पानं एकत्र झाली की जमलेला आकडा फुगतो आणि शेवटच्या आठवड्यात कळतं की अठरा हजार नुसते तोंडी आहेत.

परदेशातल्या मित्रांबद्दल काळजी घ्या. पुण्या-मुंबईतून निघून दुबई किंवा अमेरिकेत गेलेला आपला वर्गमित्र अजून भारतीय पारपत्रावर असेल तर त्याने भारतातल्या बँक खात्यातून दिलेले पैसे चालतात. नागरिकत्व बदललं असेल, मूळ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी होते. त्यासाठी संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी हवी आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच जावे लागतात. नोंदणी नसेल तर त्या मित्राला प्रेमाने नाही म्हणा. एका चुकीच्या हजार रुपयांनी संस्था अडचणीत येते.

चालीचा दिवस

त्या दिवशी मागायचं नाही, सांगायचं. केर्लीला, जोतिबाच्या पायऱ्यांवर, पन्हाळ्यात बाजीप्रभूंच्या पुतळ्याजवळ आणि परत शिवाजी पुलावर, एवढ्या ठिकाणांहून एकेक फोटो आणि एकेक ओळ देणगीदारांना जाऊ दे. "तात्या, पन्हाळ्यात पोचलो, आकडा ८७ हजारावर आहे" असं गेलं की ज्यांचे पैसे तोंडी राहिलेत ते त्याच दिवशी भरतात. दर तासाला फोटो टाकू नका. एकाने फोन सांभाळावा, बाकीच्यांनी चालावं. एखाद्याचा पाय दुखावला तर त्याला गाडीत घाला आणि तेही कळवा. देणगी पायावर नव्हती, कामावर होती. त्यासाठी कुणी पैसे परत मागत नाही.

हिशेब

चालून आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी संघ, संस्थेचे खजिनदार आणि वही असे एकत्र बसा. वहीतली बेरीज, संस्थेच्या खात्यातली बेरीज आणि फाडलेल्या पावत्यांची बेरीज जुळली पाहिजे. जुळत नसेल तर जुळेपर्यंत आकडा जाहीर करू नका. मग एका पानाचा जमाखर्च काढा: ऑनलाइन किती, रोख किती, नाश्त्यातून निव्वळ किती, एकूण किती, आणि खाली एक ओळ, चालीचा खर्च इतका, तो चौघांनी केला. संस्थेचा शिक्का आणि सही घेऊन तो प्रत्येक देणगीदाराला पाठवा, शंभर रुपये देणाऱ्यालाही. ज्यांना मोबाइलवर वाचता येत नाही त्यांच्या हातात छापील कागद द्या. रक्कम सगळ्यांसमोर नको असं ज्यांनी सांगितलं असेल त्यांचं नाव यादीत घालू नका.

मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपून टोळ्या परत निघाल्या की संस्थेकडून दोन परिच्छेद मागून घ्या: किती मुलं टिकली, किती मध्येच गेली, पैसे कशावर खर्च झाले. कमी पडलं असेल तर तेही त्यात हवं. लक्ष्मीपुरीतल्या मामांना हे दुकानात जाऊन सांगा, कारण त्यांनी तसं सांगितलं होतं. सवलतीची प्रमाणपत्रं निघाली का याचा पाठपुरावा हिशेब बघणाऱ्याने करायचा आहे, आणि उरलेली कोरी पावती पुस्तकं संस्थेला परत देऊन त्याची लेखी पोच घ्यायची आहे.